संघाची उणीव

अडतीस वर्षे मुलांस संस्कृत शिकविण्यात घालविलेल्या मनुष्याने बास्केटबॉलविषयी लिहावयास बसावे, ही गोष्ट आमच्या नेहमीच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही ती वाटते. परंतु जो प्रसंग मनातून जात नाही तो लिहून टाकावा, म्हणजे मनुष्य मोकळा होतो, असा आमचा अनुभव आहे. शिवाय प्रसंग वरवर खेळाचा असला तरी आतून तो घराचाच आहे, हे पुढे दिसून येईल.

२०२२ साली आम्ही उभयता अमेरिकेस कन्येकडे गेलो होतो. कन्या व जामात लॉस एंजेलिसनजीक राहतात. त्यांस दोन मुलगे, त्या वेळी थोरला चौदा वर्षांचा व धाकटा अकरांचा. भाद्रपदात घरी दीड दिवसाचा गणपती बसला. ३१ ऑगस्टचा तो दिवस. सायंकाळी आरती झाली, मंत्रपुष्प झाले, मोदकांची ताटे फिरली, आणि जामातांचे चार-पाच स्नेही दिवाणखान्यात वर्तुळ करून बसले. आम्हांस वाटले, आता एखादे भजन होईल. निदान देशाकडच्या गोष्टी तरी निघतील. तो एका गृहस्थांनी सुस्कारा टाकून म्हटले, "यंदा आपल्यात धड एक नेमबाज नाही. कसे व्हायचे आपले?" आम्ही दचकलोच. नेमबाजाची गरज पडावी असे कोणते संकट या मंडळींवर ओढवले आहे, ते कळेना!

थोरल्या नातवाने आमची शिकवणी पत्करली. "आपले" म्हणजे लेकर्स या बास्केटबॉल संघाचे. हा संघ मुळात मिनेसोटा या सरोवरांच्या प्रदेशातला. १९६० साली तो लॉस एंजेलिसला आला, पण सरोवरांवरून पडलेले नाव तेवढे बरोबर घेऊन आला. कोकण सोडून देशावर आलेली कुळे गावाचे आडनाव जपतात, तशातलाच हा प्रकार. नवा हंगाम सुरू व्हावयास अद्याप सात आठवडे होते, आणि संघात कोण असावे, कोण नसावे, कोठे काय उणे आहे, याचा खल घरोघर चालला होता.

खेळाची रीत थोडक्यात अशी. मैदान ९४ फूट लांब व ५० फूट रुंद, टोपली जमिनीपासून १० फूट उंच. पटावर पंधरा गडी असतात. एका वेळी पाच खेळतात. टोपलीच्या समोर २३ फूट ९ इंचांवर एक रेषा असते, तिच्या बाहेरून चेंडू टोपलीत घातल्यास दोहोंच्या जागी तीन गुण मिळतात. म्हणून दुरून नेम साधणाऱ्या गड्यास मोठे मोल आहे. तो रेषेपाशी नुसता उभा राहिला, तरी प्रतिपक्षाच्या एका मनुष्यास त्याच्याजवळ अडकून राहावे लागते आणि टोपलीखाली इतरांस वाट मोकळी होते. गृहस्थांस हवा होता तो हा नेमबाज.

मग वाटेल तितके चांगले गडी का आणीत नाहीत? तर वेतनावरील खर्चास मर्यादा घातलेली आहे. काही सवलतींच्या आधाराने ती ओलांडता येते. परंतु फार ओलांडल्यास जबर कर बसतो. म्हणजे घरखर्चासारखेच झाले. एका हाताने काही आणावयाचे तर दुसऱ्या हाताने काही सोडावे लागते. आमच्या मंडळींच्या दुःखाचे मूळ नेमके येथेच होते.

या संघाने २०२० साली अजिंक्यपद मिळविले होते. लेब्रॉन जेम्स व अँथनी डेव्हिस हे त्याचे दोन आधारस्तंभ. पुढील वर्षी पहिल्याच फेरीत पराभव झाला, तेव्हा तिसरा मोठा गडी पाहिजे अशी हाकाटी झाली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या संघाकडून रसेल वेस्टब्रुक यास आणण्यात आले. हा साधा गडी नव्हे. २०१७ साली तो सबंध मंडळातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. त्याच्यासाठी काइल कुझ्मा, केंटेव्हिअस कॉल्डवेल-पोप व माँट्रेझ हॅरेल हे तिघे आणि त्या वर्षीचा नवोदित गडी निवडण्याचा पहिला हक्क देऊन टाकला. त्याच सुमारास ॲलेक्स करूसो नावाचा एक गडीही हातचा गेला. २०१६ सालच्या नवोदितांच्या निवडीत या करूसोस एकाही संघाने घेतले नव्हते. स्वतःच्या हिमतीवर तो वर आला. प्रतिपक्षाची राखण करावी, सुटलेल्या चेंडूवर झेप घ्यावी, असली बिननावाची कामे तो करीत असे. शिकागोच्या संघाने त्यास अधिक द्रव्य देऊ केले. लेकर्सनी दिले नाही.

परिणाम काय झाला? २०२१-२२ च्या हंगामासाठी वेतनाची मर्यादा ११ कोटी २४ लक्ष डॉलर होती, आणि जेम्स, डेव्हिस व वेस्टब्रुक या तिघांचेच वेतन १२ कोटींच्या घरात गेले. उरलेल्या जागा बहुतेक किमान वेतनावर येतील त्यांनी भरल्या. त्यांतील कित्येकांची तिशी केव्हाच उलटलेली. वेस्टब्रुकचा खेळ चेंडू हाती असताना खुलतो आणि जेम्सचाही तसाच. दुरून नेम साधणे हे वेस्टब्रुकचे अंग नव्हे, त्यामुळे प्रतिपक्ष त्यास मोकळा सोडून टोपलीखाली गर्दी करू लागला. डेव्हिस दुखापतींमुळे ८२ पैकी ४० सामनेच खेळू शकला. ३३ सामन्यांत जय आणि ४९ मध्ये पराजय असा त्या वर्षाचा हिशेब झाला. आम्ही नातवास म्हटले, "बाळा, वाक्यात तीन कर्ते घातले आणि अव्यये सगळी गाळली, तर अन्वय कसा लागावा?" त्यास ते कितपत समजले कोण जाणे, पण त्याने मान डोलाविली.

असो. तर मोदकांनंतरचा तो वाद असा. पहिले गृहस्थ नेमबाजासाठी हटून बसले. दुसरे म्हणाले, डेव्हिसच्या जोडीस उंच गडी असल्याशिवाय काही खरे नाही. तिसऱ्यांस राखण करणारे हवे होते. त्याच आठवड्यात पॅट्रिक बेव्हर्ली नावाचा राखणदार आला होता, त्याचे आणि वेस्टब्रुकचे जुने वैर, म्हणून एका घरात दोन तलवारी कशा नांदणार ही चिंता निराळीच. वेस्टब्रुक जावा, एवढ्या एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत होते. आम्हांस त्या मनुष्याची कीव आली. तो त्याच प्रांती जन्मलेला, तेथेच विद्यापीठात शिकलेला. एका हंगामात तो सर्वांच्या डोळ्यांत खुपू लागला होता. त्याचा दोष इतकाच, की त्याच्याजवळ नव्हते ते काम त्याच्यावर पडले.

अखेर तोडगा निघाला. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा महिनाभर चाललीच होती. इंडियानाच्या संघाकडे बडी हील्ड हा नेमबाज व माइल्स टर्नर हा उंच गडी असे दोघे होते; वेस्टब्रुकला देऊन ते दोघे घ्यावयाचे. परंतु वेस्टब्रुकचे त्या वर्षीचे वेतन ४ कोटी ७० लक्ष डॉलर! असा बोजा कोणी फुकट का उचलील? त्यासाठी वर काहीतरी द्यावयास हवे. आणि लेकर्सजवळ देण्याजोगे मोलवान असे दोनच जिन्नस उरले होते: २०२७ आणि २०२९ या सालांचे, नवोदितांतून पहिल्या फेरीत गडी निवडण्याचे हक्क.

"देऊन टाका!" पहिले गृहस्थ मांडीवर थाप मारून म्हणाले. "लेब्रॉन अडतिशीला आला. २०२७ उजाडेपर्यंत कोण कोठे असेल! आज जिंकायचे आहे."

सर्वांनी माना डोलाविल्या. तेव्हा आमचा धाकटा नातू, करूसोचा चार आकडा असलेला जुना सदरा अंगात घालून कोपऱ्यात बसला होता, तो एकदम म्हणाला, "काका, २०२९ मध्ये मी अठरा वर्षांचा असेन. ती टीम माझी आहे. तुम्ही माझी टीम का विकता?"

मोठा हशा पिकला. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोणी त्यास आणखी एक मोदक दिला. आम्हांस मात्र हसू आले नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा आम्ही तरुणपणी शास्त्रीबुवांपाशी बसून वाचली होती. तीत वडिलोपार्जित मिळकतीवर पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, असा सिद्धांत आहे. आणि इतरांची संमती घेता येत नसेल तर एकट्याने स्थावर विकावयास आपत्ती, कुटुंबाची निकड आणि धर्मकृत्य अशी तीनच निमित्ते मान्य केली आहेत. त्या अकरा वर्षांच्या पोराने मिताक्षरेचे नावही ऐकले नव्हते. परंतु त्याने पूर्वपक्ष मात्र तंतोतंत मांडला होता. ही आपत्ती आहे की हौस? आणि माझी संमती घेतली काय?

आम्ही हे सर्व मंडळींस समजावून सांगू लागलो. थोडा उपदेशाचा सूरही लागला असावा, कारण जुनी सवय सुटत नाही. बोलणे रंगात आले असता स्वयंपाकघराच्या दारातून कन्या म्हणाली, "बाबा, दापोलीची आमराई विकलीत तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन घरीच बसले होते. मला कोठे विचारलेत?"

तिच्या स्वरात राग नव्हता. ती हातातली ताटे घेऊन आत निघूनही गेली. आम्ही मात्र बोलत होतो ते वाक्य पुरे करू शकलो नाही.

गोष्ट १९९८ ची. थोरल्या चिरंजीवास अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात जागा मिळत होती, पण तेथील फी आमच्या वेतनाच्या आवाक्याबाहेर होती. ही कुटुंबाची निकड आहे असे आम्ही ठरविले, आणि तीर्थरूपांकडून आलेली सोळा कलमांची आमराई विकून टाकली. महाराष्ट्रात १९९४ पासून अविवाहित कन्येसही कायद्याने जन्मतः हक्क मिळालेला होता. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. घरातल्या घरात कायदा कसला काढावयाचा, असे आम्ही म्हटले. दोन वर्षांनी कन्येच्या शिक्षणाची वेळ आली, तेव्हा विकावयास काही राहिले नव्हते. गावच्या महाविद्यालयात जे शिकता आले ते ती शिकली. तिने कधी शब्द काढला नाही, यावरून तिला काही वाटत नाही असा सोयीचा अर्थ आम्ही चोवीस वर्षे लावीत होतो. विक्री चूक होती असे आजही आम्ही म्हणणार नाही. चिरंजीवांचे शिक्षण त्यामुळेच झाले. परंतु सोळा वर्षांच्या मुलीस जवळ बसवून, हे तुझ्याही वाट्यातून जात आहे, एवढे सांगावयास काय पडले होते?

रात्री आम्ही तिला तसे म्हटले. ती म्हणाली, "विचारले असतेत तर मी हो म्हटले असते, बाबा." हे उत्तर ऐकावयास आम्हांस अधिकच कठीण गेले.

पुढे संघाचे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. तो सौदा त्या वेळी झाला नाही. हंगामाचा आरंभ भयंकर झाला, पहिल्या बारांपैकी दहा सामने हरले. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये वेस्टब्रुक गेला आणि २०२७ चा हक्क तेवढा, तोही काही अटी घालून, देण्यात आला. बदल्यात तीन उपयुक्त गडी आले, आणि संघाने पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. तेथे डेन्व्हरने त्यास चारही सामन्यांत हरविले व त्या वर्षी अजिंक्यपदही मिळविले. त्या डेन्व्हरच्या पहिल्या पाचांत एक गडी होता कॉल्डवेल-पोप. दोन वर्षांपूर्वी लेकर्सनी वेस्टब्रुकसाठी सोडलेल्या तिघांपैकी एक. २०२५ चे अजिंक्यपद ओक्लाहोमा सिटीने मिळविले आणि त्या संघात करूसो होता. धाकट्याने ही वार्ता आम्हांस पहाटे फोन करून सांगितली. सदरा आता आखूड होतो, पण टाकलेला नाही, हेही सांगितले.

आणि २०२९ चा हक्क? तोही अखेर गेला. फेब्रुवारी २०२५ च्या आरंभी डेव्हिससह तो डॅलसच्या संघास देऊन लेकर्सनी लुका डॉन्चिच यास आणले. आम्हांस वाटले, धाकटा खट्टू झाला असेल. म्हणून मुद्दाम फोन केला. तो म्हणाला, "आजोबा, या वेळी मला विचारले असते तर मी सही केली असती. लुका पंचवीस वर्षांचा आहे. २०२९ मध्ये तो तीस वर्षांचा असेल, म्हणजे माझ्या वेळेला तो असणार ना!"

उद्याचे विकावयाचेच झाले तर उद्याही हाती राहील असे काही घ्यावे, हा विचार चौदा वर्षांच्या मुलास सुचला. आमच्या घराच्या जुन्या वाड्याचे काय करावयाचे हा प्रश्न सध्या चिरंजीव व आम्ही यांच्यापुढे आहे. गेल्या महिन्यात आम्ही त्याविषयी पत्रे लिहिली. चिरंजीवांस, कन्येस, सूनबाईंस, आणि चारही नातवंडांस निरनिराळी. सर्वांत धाकटी नात नऊ वर्षांची आहे. तिचे उत्तर पहिले आले. वाडा पाडला तरी चालेल, पण मागच्या पायरीवर बसावयास जागा ठेवावी, असे तिने लिहिले आहे. आम्ही ते पत्र कागदपत्रांच्या पेटीत ठेविले आहे.