गल्ली हेच नोंदीचे एकक

मराठवाड्यातील वारशाची चर्चा बहुधा किल्ले, लेणी आणि देवळे यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. संरक्षणाचे कायदेही याच दृष्टीने घडलेले आहेत; प्राचीन स्मारकांविषयीचा 1958 चा केंद्रीय कायदा आणि 1960 चा महाराष्ट्राचा कायदा हे दोन्ही मुख्यतः एकेका वास्तूचा किंवा स्थळाचा विचार करतात, आणि ज्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी व्यापार केला, घरे बांधली, ती नांदती वस्ती या चौकटीत क्वचितच बसते. नांदेड आणि लातूर या दोन शहरांचा अनुभव पाहता, वारशाच्या नोंदीचे एकक एकटी वास्तू न धरता गल्ली धरले पाहिजे आणि ती नोंद विकासाची कामे सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे, असे ठामपणे म्हणावे लागते.

लातूरची गंजगोलाई हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळमार्ग लातूरपर्यंत आला आणि त्यानंतर काही वर्षांतच, 1917 मध्ये, गोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली; तिच्या आराखड्याचे श्रेय नगररचनाकार फैयाजुद्दीन यांना दिले जाते. मध्यभागी देवीचे मंदिर, त्याभोवती दुकानांचे कडे आणि त्या कड्याला येऊन मिळणारे 16 रस्ते, अशी ही रचना असून सोने-चांदी, पादत्राणे, मसाले, गूळ अशा एकेका मालाचा बाजार त्या त्या रस्त्यावर स्थिरावत गेला. म्हणजे येथे वारसा आहे तो केवळ कमानींचा आणि सज्जांचा नाही. रस्त्यांची रुंदी, त्यांचे कोन आणि मालानुसार झालेली विभागणी हाही त्याचाच भाग आहे. मधल्या इमारतीची डागडुजी व रंगरंगोटी झाली, पण त्या 16 रस्त्यांवरील जुन्या दुकानांचे ओटे, लाकडी फळ्यांची दारे, मागची कोठारे आणि माडीवरील राहती घरे यांची मोजमापे कोणी घेतलीच नाहीत, तर पुढील अभ्यासकाच्या हाती गोलाईचा सांगाडा लागेल, तिचे कार्य उमगणार नाही.

या प्रदेशात जुन्या घरांविषयीची अनास्था केवळ उदासीनतेतून आलेली नाही, तिच्यामागे 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाची भीतीही आहे, हे अभ्यासकांनी सहानुभूतीने समजून घ्यावे. त्या पहाटे सुमारे 8 हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि दगड-मातीचे घर म्हणजे मृत्यूचा सापळा, अशी धारणा लोकमनात पक्की झाली. प्रत्यक्षात तज्ज्ञांच्या पाहणीत अधिक नेमके चित्र पुढे आले. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, त्यामुळे भिंती फुटून कोसळल्या. माळवदावर, म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर माती पसरून केलेल्या सपाट छपरावर, वर्षानुवर्षे चढत गेलेल्या मातीचे वजनही घातक ठरले. मात्र खणांची, म्हणजे खांब आणि तुळयांनी बांधलेल्या दालनांची, लाकडी चौकट अनेक घरांत भिंती पडल्यावरही उभी राहिली. जुन्या वाड्याची पाहणी करणाऱ्या स्थापत्यविशारदाने म्हणूनच प्रथम खांब-तुळयांचे सांधे, भिंतीची जाडी आणि माळवदाचा थर तपासावा. कोणते घर मजबूत करून राखता येईल आणि कोणते नाही, हे अशा तपासणीवरूनच ठरते.

नांदेडची कहाणी निराळी आहे. गुरू गोविंदसिंह यांचे 1708 मध्ये येथे देहावसान झाले आणि महाराजा रणजितसिंह यांच्या पुढाकाराने 1832 ते 1837 या काळात सचखंड हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्याची आजची मुख्य वास्तू बांधली गेली. गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवल्याच्या घटनेच्या, त्रिशताब्दीनिमित्त 2008 मध्ये शहरात मोठी कामे झाली. जगभरातून येणाऱ्या भाविकांसाठी रस्ते रुंद झाले, गुरुद्वाऱ्याचा परिसर मोकळा झाला आणि गोदावरीकाठाचे रूप पालटले. या कामांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु एवढ्या वेगाने बदलणाऱ्या परिसराचा घरनिहाय आलेख आधी तयार असेल, तर आवश्यक रुंदीकरणही अधिक विवेकाने करता येते आणि जे जाते त्याची निदान स्मृती उरते. गोदाकाठचा नंदगिरी किल्ला, गाडीपुरा, चौफाळा, इतवारा, सराफा आणि नगीनाघाट-बंदाघाटाचा परिसर यांची अशी नोंद एकत्रितपणे झाली, तर नदी, किल्ला, बाजार आणि धर्मस्थळे यांचे परस्परसंबंध प्रथमच स्पष्ट दिसतील.

अशी नोंद न करण्याला साधनांचा तुटवडा हे सबळ कारण नाही. मराठवाडा ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानातील जमिनीची कागदपत्रे मुख्यतः उर्दूत आहेत आणि त्यांवर फसली सन, म्हणजे महसुली वर्षगणना, आढळते. तिच्यात 590 मिळवले की त्या वर्षाच्या आरंभीचा इसवी सन मिळतो, उदाहरणार्थ फसली 1357 म्हणजे 1947-48. सेतवार आणि खासरा पत्रक ही शेतजमिनीची, तर मालमत्ता पत्रक हे नगर भूमापनातील मिळकतीचे कागद होत. घराचा मोजलेला नकाशा त्यांच्याशी आणि घरमालकाजवळील जुन्या दस्तांशी पडताळला की मालकी, वाटण्या आणि बांधकामाचे टप्पे उलगडू लागतात. उर्दू आणि मोडी वाचणारी पिढी झपाट्याने विरळ होत आहे, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. मुनीम, हमाल, गवंडी, सुतार आणि त्या घरांत नांदलेल्या स्त्रिया यांच्या आठवणीही तारखेसह ध्वनिमुद्रित करून कागदाशी ताडून पाहाव्यात, कारण घराच्या वापराचा इतिहास दस्तांत सहसा उतरत नाही.

कायद्यातही वाट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 22 नुसार विकास योजनेत ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तूंबरोबरच अशा स्थळांच्या जतनाचीही तरतूद करता येते, आणि योजना आखण्यापूर्वी विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करणे नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक आहे. गल्लीची नोंद याच टप्प्यावर महापालिकेच्या हाती असेल, तर तिचा उपयोग होतो. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर तिला केवळ हरकतीचे स्वरूप उरते.

नांदेड येथे 1994 मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात ही दोन्ही शहरे येतात. तेथील इतिहास विभागांनी, दोन्ही शहरांतील स्थापत्य व्यावसायिकांनी आणि उर्दू जाणणाऱ्या शिक्षकांनी एकत्र येऊन या वर्षी प्रत्येकी एक गल्ली निवडावी, तिची मोजमापे, छायाचित्रे, दस्तांचा गोषवारा आणि मौखिक नोंदी पूर्ण कराव्यात, आणि त्यांची एक प्रत रहिवाशांना व एक महापालिकेच्या नगररचना विभागाला द्यावी, असे या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांना आग्रहाचे आवाहन आहे.