वरणभाताच्या बाजूने

कामशेतहून पवनानगरकडे निघालं की रस्त्याच्या कडेला दोन तऱ्हेच्या पाट्या दिसतात. पहिल्या तऱ्हेच्या पाटीवर ‘चुलीवरचं’ हा शब्द ठळक असतो. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ. दुसरी पाटी मेसची, पार्सलची, घरपोच जेवणाची. पहिली सांगते की खरं जेवण जुन्या काळातलं, ते सुट्टीच्या दिवशी पैसे मोजून चाखायचं. दुसरी सांगते की जेवण कुणीतरी दुसऱ्याने करून आणून द्यायचं असतं. ज्यांचं पोट या पाट्यांवर चालतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांचा धंदा चालावा. पण या दोन्हींमधून एक समजूत मनात रुजत चालली आहे. रोजच्या संध्याकाळी, गॅसच्या दोन बर्नरवर, एका कुकरात आणि एका कढईत ताज्या भाजीचं साधं जेवण करणं आता जमण्यासारखं राहिलं नाही, आणि जमलं तरी त्यात फारसा अर्थ नाही, अशी ती समजूत. ती चुकीची आहे. मावळात तर फारच चुकीची आहे.

पूर्वपक्ष नीट मांडतो. त्याचं पहिलं म्हणणं वेळेचं. तळेगावहून पुण्याला किंवा चाकणला कामाला जाणारा माणूस रात्री आठला घरी पोचतो. त्याने स्वयंपाक कधी करायचा? प्रश्न खरा आहे, पण त्यामागे जेवणाचं जे चित्र गृहीत धरलेलं असतं ते खरं नाही. वाटण, दोन भाज्या, कोशिंबीर, पोळ्यांची चवड असं ताट डोळ्यांपुढे ठेवलं तर दीड तास लागणारच. वरण, भात आणि एक भाजी धरा. तूरडाळ आणि तांदूळ घरात पाऊल टाकल्याबरोबर धुऊन भिजत घालायचे आणि हातपाय धुऊन यायचं. कुकरच्या तळाला पाणी, खालच्या डब्यात डाळ हळद-हिंग घालून, वरच्या डब्यात तांदूळ. तीन-चार शिट्ट्या, मग आच मंद करून पाच-सात मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत हात लावायचा नाही. तेवढ्या अवधीत मेथी निवडून होते किंवा दुधी चिरून फोडणीला पडतो. सगळं मिळून पाऊण तास, त्यात हाताला खरं काम वीस-पंचवीस मिनिटांचं. शनिवारी-रविवारी लोणावळ्याचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला असताना मागवलेलं जेवण याहून लवकर येत नाही, आणि आलं तरी भात डब्यात घामेजलेला असतो.

‘येत नाही हो आम्हाला’ असंही काही जण म्हणतात. त्यावरचं उत्तर मराठीत कधीच देऊन झालं आहे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्यातली मापं वाटी-चमच्याची होती. तराजू नसलेल्या, आई जवळ नसलेल्या, पहिल्यांदाच पातेलं हातात घेणाऱ्या माणसालाही त्यावरून आमटी करता यावी इतकं ते सोपं होतं. वाटीला किती पाणी हे एकदा कळलं की निम्मा स्वयंपाक आला.

आणि तांदळाच्या बाबतीत मावळातल्या माणसाने तर तक्रारच करू नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र वडगाव मावळला आहे. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तिथे तयार झालेलं भाताचं वाण १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. त्याचं नाव इंद्रायणी. आंबेमोहर वासाचा, पण उंच वाढून लोळणारा आणि उताऱ्याला कमी. आयआर-८ फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा, बुटका आणि भरघोस. एकाचा वास आणि दुसऱ्याचा उतारा एकत्र आणायचा हा खटाटोप नोकरी-धंदा सांभाळून रोज भात खाणाऱ्या घरांच्या उपयोगी पडला. आंबेमोहर सणासुदीला परवडायचा. इंद्रायणी रोज परवडतो. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्हीकडे तो पिकतो, आणि दिवाळीच्या पुढेमागे नवा तांदूळ थेट शेतकऱ्याच्या घरून पोत्याने घेता येतो.

त्याला नावं ठेवणारे म्हणतात की तो चिकट होतो. होतोच. पुलावासाठी तो नाहीच. कालवून खायच्या भातासाठी तो आहे. वरण, ताक, पिठलं, कुळथाची पिठी काहीही त्यावर घाला, शीत न् शीत धरून ठेवतो, आणि नुसतं तूप-मीठ घातलं तरी जेवण होतं. नवा असेल तर पाणी बेताचं घालायचं, वाटीला दोन वाट्यांच्या आतच. वर्षभर मुरलेला असेल तर थोडं वाढवायचं. एवढी एक गोष्ट सांभाळली की लगदा होत नाही. चांगला ताजा तांदूळ शिजताना घरभर जो वास येतो त्यापुढे मसाल्याची पाकिटं शोधत बसावंसं वाटत नाही. साधं जेवण बेचव असतं म्हणणाऱ्यांनी आधी आपला तांदूळ किती जुना आहे, डाळ कधीची आहे आणि भाजी किती दिवस फ्रिजमध्ये होती हे तपासावं. जिन्नस शिळा असला की मसाला वाढवावा लागतो. ताजा असला की लसूण, जिरं आणि मिरची पुरते.

ताजेपणाच्या बाबतीत पावसाळा हा मावळाचा खरा काळ. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मीठ पाझरतं, काडेपेटी ओली होते, रव्या-पिठाला जाळी धरते. म्हणून इथे महिन्याचा किराणा एकदम भरण्यापेक्षा पीठ आठवड्याचं आणावं आणि कडधान्यं मे महिन्यात उन्हं दाखवून डब्यात बंद करावीत. भाज्यांचं उलट. त्याच दिवसांत कातकरी आणि ठाकर बाया टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं घेऊन बाजारात बसतात. टाकळ्याची कोवळी पानं लसणावर परतली की झालं. भारंगी कडू असते, ती उकडून पिळून घ्यावी लागते. शेवळं नीट आंबटात शिजवली नाहीत तर घसा खाजतो. हे सगळं विकणारी बाई स्वतः सांगते, विचारायची तसदी तेवढी घ्यावी. भात निघाल्यावर त्याच ओलीवर हरभरा, मसूर, वाटाणा होतो, बांधावर पावटा. ‘पौष्टिक’ म्हणून दूरदेशीचं महाग धान्य मागवणाऱ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर हे सगळं उभं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्यात दिवसाच्या ताटाचा जवळपास अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा असं सांगितलं आहे. ते ताट भरायला मावळचा बाजार पुरेसा आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो, कारण त्यांचा मुद्दा ऐकायला गोड वाटतो आणि म्हणून जास्त नुकसान करतो. कुकरातलं अन्न निःसत्त्व, गॅसवरचं अन्न बेचव, खरी चव मातीच्या भांड्याची आणि चुलीच्या धुराची, असं ते सांगतात. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी त्यात भर घातली आहे. डाळीवर येणारा फेस विषारी असतो आणि कुकरमध्ये तो बाहेर पडत नाही, असं बजावलं जातं. डाळीच्या फेसात असतात प्रथिनं, स्टार्च आणि सॅपोनिन नावाची नैसर्गिक द्रव्यं. नकोसा वाटला तर झाकण लावण्याआधी उकळी आणून चमच्याने काढून टाकावा, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेनेच कडधान्यं-डाळींसाठी उकडणं किंवा प्रेशर कुकर या पद्धती चांगल्या म्हटल्या आहेत, फक्त पाणी गरजेपुरतं घाला असं सुचवलं आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ म्हणूनच वेळ घेते. कुकरात दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, डाळ लवकर शिजते आणि इंधन वाचतं. गरिबाच्या घरात हा फरक सिलिंडर किती दिवस पुरतो त्यावर दिसतो.

चुलीची चव मी नाकारत नाही. पण ती चव जिच्या डोळ्यांत आणि छातीत रोज धूर गेला तिच्या हिशेबाने मोजली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगभर ३२ लाख माणसं दगावली. हौसेने आठवड्यातून एकदा धुराजवळ बसणं वेगळं आणि ओली लाकडं फुंकत आयुष्य काढणं वेगळं. मावळातल्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांनी शेगडी आणि कुकर आपणहून जवळ केला. त्यांना काय सोयीचं हे त्यांना चांगलं कळतं. जुनं म्हणून पवित्र आणि नवं म्हणून भ्रष्ट अशी वाटणी करून रोजच्या स्वयंपाकाचं काही भलं होत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. घरच्या जेवणाचे गोडवे गाणं म्हणजे बाईला पुन्हा ओट्याशी जुंपणं, असा तो आक्षेप. याला टाळून पुढे जाता येत नाही, आणि मावळात तर मुळीच नाही. मुंबईचे डबेवाले कुठले? मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातले. महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास ही सेवा उभी केली, आणि कोविडच्या आधी जवळपास पाच हजार माणसं रोज दीड-दोन लाख डबे पोचवत होती. घरचं जेवण घरच्या माणसापर्यंत पोचवण्यात या डोंगराळ मुलखाने सव्वाशे वर्षं घालवली. घरच्या अन्नाला किंमत असते याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. पण डबा भरणारा हात कोणाचा होता? बहुतेक वेळा बाईचा, पहाटे उठलेल्या. त्या हाताचा हिशेब कुठे झाला नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि मुळात असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. हे आकडे समोर असताना ‘घरचं ते घरचंच’ असं नुसतं म्हणत राहणं निर्लज्जपणाचं आहे.

तरीही या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मी मानत नाही. बाहेरून मागवल्याने बाईची सुटका होते असं दिसतं, पण ते ओझं तीच शोधाशोध करून, पैशाचा मेळ घालून, उरलेलं झाकून ठेवून वाहत असते. आणि जे शिजतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी कमी पगाराच्या हातांनी शिजतं. बाईला बांधून ठेवतो तो स्वयंपाकाचा थाट. ताटात पोळी गरमच पडली पाहिजे, सासऱ्यांना एक भाजी, मुलांना दुसरी, पाहुणा आला की गोड हवंच, आणि या सगळ्यात करणारी सगळ्यांत शेवटी गार जेवणार. साधेपणा या थाटाच्या विरुद्ध आहे. एका कुकरात जेवण होतं हे घराने मान्य केलं की चार जण एका वेळी जेवायला बसू शकतात. आणि वरण-भात-भाजी शिकायला पंधरा दिवस पुष्कळ झाले, त्यामुळे ‘मला जमत नाही’ ही पुरुषाची सबबही उरत नाही. माझं म्हणणं असं की साधा स्वयंपाक हा वाटून घेता येण्याजोगा स्वयंपाक आहे. आज बापाने कुकर लावायचा, उद्या मुलाने. भाजी निवडायला म्हातारा-म्हातारीही बसतात. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा स्वयंपाक हे कसबाचं आणि मोलाचं काम आहे हे बँकेच्या कर्जापर्यंत नेऊन सिद्ध केलं. तोच मान घरात द्यायचा तर त्या कामात सगळ्यांचा हात लागला पाहिजे.

राहता राहिली ती माणसं ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. तळेगाव, आंबी, नवलाख उंबरे या औद्योगिक पट्ट्यात लातूर, बीड, विदर्भ, बिहारहून आलेली शेकडो पोरं एका खोलीत चार-पाच जण राहतात. मेसचं तेच तेलकट जेवण, रात्रपाळीला वडापाव, पोटाच्या तक्रारी विशी-पंचविशीतच. त्यांना घरी करून खा म्हणून सांगणं सोपं आहे, पण कित्येक घरमालक खोली देतानाच स्वयंपाक चालणार नाही असं सांगतात, कारण त्यांना आगीची आणि वीजबिलाची धास्ती वाटते. ही धास्ती दूर करता येते. भाताच्या विजेच्या कुकरला ७०० वॅट लागतात. अर्धा तास चालला तरी युनिटचा तिसरा हिस्सा खर्च होतो. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो भार झेपतो. त्याच कुकरात मुगाची डाळ, बटाटा आणि तांदूळ घातला की खिचडी होते. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी मात्र त्या सॉकेटला लावू नये, तिला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट हवं. मालकांनी भाड्याच्या खोलीत असं एक सॉकेट, एक ओटा आणि धुण्याची मोरी द्यावी, आणि स्वयंपाकाची मनाई उठवावी. विजेचा वेगळा मीटर बसवला की बिलाचा वाद मिटतो. कारखान्यांनी पाळीच्या वेळा ठरवताना आणि वसाहती बांधताना या एका ओट्याचा विचार केला, तर पुढच्या दिवाळीला निघणारा इंद्रायणी त्या खोल्यांमध्येही शिजेल.