सांडलेल्या तेलाची फिर्याद

या सदराच्या जुन्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. आपले वाहन, आपला नळ, आपले शिवणयंत्र जो स्वतःच्या हाताने दुरुस्त करतो, त्या माणसाविषयी मला नितांत आदर वाटतो. मागे नळाच्या वायसरावर लिहिले, तेव्हा ज्यांनी आपुलकीने पत्रे धाडली ते बहुतेक सारे असेच स्वहस्ते काम करणारे गृहस्थ होते. म्हणूनच गेल्या रविवारी जे दृष्टीस पडले, त्याने मन अधिक खट्टू झाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औदुंबराचा पार आहे. त्या पाराला लागून एका उमद्या तरुणाने नुकतीच विकत घेतलेली जुनी ‘यामाहा आरएक्स १००’ मधल्या स्टँडवर चढविली होती, आणि तिच्या गिअरबॉक्सचे तेल बदलण्याचे काम, खाली एखादे भांडेसुद्धा न ठेवता, सरळ आरंभिले होते. बोल्ट निखळताच तेलाची धार स्टँडच्या आडव्या दांडीवर आपटली, तेथून सायलेन्सरवर उडाली, आणि उरलेली फरशीच्या फटीतून औदुंबराच्या मुळाशी गेली. मी हटकले तेव्हा तो अगदी सौजन्याने म्हणाला, “काका, मातीतच जिरतंय की! कुठं जातंय?” मुलगा उद्धट नव्हता, त्याचा प्रश्न खरा होता. खऱ्या प्रश्नाला रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे देतो.

गाडीची माहिती थोडक्यात सांगून टाकतो. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ साली ही गाडी बाजारात आणली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही आमच्या कोल्हापुरात तिचा मान उतरलेला नाही. इंजिन ९८ सीसीचे, टू-स्ट्रोक. पिस्टनाला लागणारे वंगण वेगळ्या टाकीतून येते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. गिअर आणि क्लच यांचे तेल मात्र खालच्या कोठीत स्वतंत्र असते, ते सुमारे साडेसहाशे मिलिलिटर, ट्वेंटी-डब्ल्यू-फॉर्टी जातीचे. क्लचच्या चकत्या याच तेलात बुडालेल्या असतात, त्यामुळे मोटारगाडीसाठी बनविलेले, घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले तेल येथे घातले तर क्लच घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ ही अक्षरे पाहूनच तेल घ्यावे.

शिवाजी उद्यमनगरातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे मी पुष्कळ वर्षे गाडी नेत असे. उद्यमनगर म्हणजे ओतकामाच्या भट्ट्या, लेथचा आवाज आणि लोखंडाच्या किसाचा वास. तेथे जमिनीवर तेल नसलेली जागा शोधावी लागे, आणि अशी जागा हमखास सापडे ती या मिस्त्रींच्या दुकानात. त्यांच्या हाताखालच्या पोराने घाईने पाना उचलला की ते शांतपणे म्हणत, “आधी वरचं झाकण ढिलं हुतंय का बघ, मग खालच्याला हात लाव.” या एका वाक्यात किती दूरदृष्टी होती, हे मला पुढे उमगले, कारण खालून सारे तेल काढून टाकल्यावर जर वरचे झाकण गंजून बसलेले निघाले, तर गाडी कोरडी पडते, दुकान रविवारी बंद असते, आणि मग झाकणावर हातोडी-छिन्नी चालविण्याचा प्रसंग येतो.

तेल सांडते ते बोल्ट निघाल्यावर, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु सांडायचे की नाही याचा निकाल पाना लावण्यापूर्वीच लागलेला असतो. मिस्त्री प्रथम गाडी थोडी फिरवून आणावयास सांगत, कारण थंड तेल घट्टपणामुळे आतल्या कोनाकोपऱ्यांना धरून राहते आणि मग तासभर थेंब थेंब ठिबकत बसते. पण फिरवून आणल्यावर लगेच हात घालू देत नसत, सायलेन्सर हात लावण्याजोगा होईपर्यंत चहा मागवीत. त्यानंतर बोल्टाभोवतीची माती रॉकेलात बुडविलेल्या ब्रशाने निपटून काढीत आणि चिंधीने कोरडी करीत. ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात, आणि मग बोल्टाबरोबर सुटलेली वाळू भोकाच्या काठावरून आत जाते अथवा तेलाच्या परातीत पडून आत खरोखर काय झिजले आहे ते वाचू देत नाही. परात पसरट आणि उथळ असावी. तिच्याखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली जुनी वर्तमानपत्रे. धार दांडीवर आपटणार हे दिसत असेल, तर तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीचा उभा काप घेऊन त्याची पन्हळ करावी आणि ती बोल्टाच्या खाली तिरपी अडकवावी, म्हणजे धार परातीतच उतरते.

आता बोल्ट. पान्याने तो फक्त सैल करावयाचा, पुढचे काम बोटांचे. बोटाने फिरविताना तो सतत आत दाबून धरावा. असे केल्याने शेवटच्या आट्यापर्यंत तेल बाहेर येत नाही, आणि आटे संपल्याची जाणीव बोटाला झाली की हात एका झटक्यात बाजूला घ्यावा. जे लोक बोल्ट ढिला ढिला करीत जातात, त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत तेलाचा ओघळ येतो, ते दचकतात आणि बोल्ट परातीत पडतो. धार प्रथम जोरात असते, मग तिचा कल बदलतो, मग ती बारीक होते. त्या प्रत्येक वेळी परात बोटभर सरकवावी लागते. शेवटची सुतासारखी धार वाऱ्याने हलते, म्हणून हे काम गच्चीवर किंवा बोळाच्या तोंडाशी करू नये, भिंतीच्या आडोशाला करावे. आणि या सबंध अवधीत तेथून उठू नये. सांडलेल्या तेलाच्या जेवढ्या हकिकती मी ऐकल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकांत मध्येच कोणी तरी फोन घ्यायला उठलेले असते.

तेल निथळत असताना जो वेळ मिळतो, तो मला या कामातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण परातीतले तेल म्हणजे यंत्राची रोजकीर्द होय. तळाशी अगदी बारीक, बोटाला न जाणवणारी चमचमती पूड दिसली तर काळजी नको. गिअरचे दात एकमेकांवर फिरतात, एवढी झीज व्हायचीच. पण नखाने उचलता येईल असा तुकडा सापडला, तर गाडी तशीच चालवू नये. तेलाला दुधाळ रंग आला असेल तर आत पाणी गेले आहे, मग ते पुराच्या पाण्यातून गाडी काढल्यामुळे असो की धुताना फवारा जोराने मारल्यामुळे असो. आणि घातलेल्यापेक्षा पुष्कळ कमी तेल बाहेर आले, खाली तर कधी एक थेंबही पडलेला नाही आणि सायलेन्सरातून मात्र दाट पांढुरका धूर येतो, असे असेल तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑईल सील फाटले आहे असे खुशाल समजावे. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला आपल्या पोटात हवा ओढते, आणि सील फाटले की हवेबरोबर गिअरबॉक्सचे तेलही ओढून जाळते. ज्याने तेल जमिनीत सोडून दिले, त्याने ही रोजकीर्द न वाचताच फाडून टाकली. त्या तरुणाची गाडी जुनी, नुकतीच घेतलेली. तिचा पूर्वेतिहास त्याला सांगणारा एकमेव प्रामाणिक साक्षीदार ते तेल होते, आणि ते औदुंबराच्या मुळात गेले याची मला अधिक हळहळ वाटते.

बोल्ट परत बसविण्याविषयी एवढेच सांगतो की कोठी ॲल्युमिनियमची आहे आणि बोल्ट पोलादी. लांब पाना घेऊन ताकद लावली की आटे जातात, आणि मग जन्मभर ठिबकणे सुरू होते. ठिबकणे थांबते ते वायसराने, ताकदीने नव्हे. वायसर नवा घालावा. तांब्याचा असेल आणि नवा मिळत नसेल तर तो विस्तवावर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होते आणि नीट बसते. लोखंड अशा रीतीने कडक होते, तांबे मऊ होते. उद्यमनगरात हे लहान पोरालाही माहीत असते. भरताना मापाचे भांडे आणि लांब नळीचे नरसाळे घ्यावे. लिटरच्या बाटलीतून साडेसहाशे काढले की साडेतीनशे उरते, आणि अशा दोन बाटल्यांची शिल्लक एकत्र केली की तिसऱ्या खेपेची बेगमी होते. मात्र ‘उरलेच आहे तर घालून टाकू’ हा मोह टाळावा, कारण जास्त भरलेले तेल वाट मिळेल तेथून बाहेर येतेच.

तर, “कुठं जातंय?” आमच्या गल्लीचा उतार जयंती नाल्याकडे आहे. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो आणि त्याच दिवशी वळणावर दुधाच्या किटल्या लावलेल्या गाड्या घसरतात, हे दरवर्षी आपण पाहतो. उन्हाळाभर रस्त्यात मुरलेले तेल त्या पाण्यावर तरंगून वर आलेले असते. तेथून ते नाल्यात, नाल्यातून पंचगंगेत, आणि पंचगंगा कृष्णेला मिळते ती नृसिंहवाडीला, जेथे आमच्याच गल्लीतली माणसे पौर्णिमेला स्नानाला जातात. जे तेल मातीतच राहिले, ते मातीच्या कणांना वेढून बसते आणि मुळांना हवा-पाणी मिळू देत नाही. शिवाय त्यात तांबे, लोखंड, क्लचच्या अस्तराची पूड आणि तेलात मूळचेच मिसळलेले जस्ताचे संयुग असते. हे काही जिरून नाहीसे होणारे पदार्थ नव्हेत.

आमच्याकडे जुने तेल टाकून देण्याची रीत पूर्वी नव्हती, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालीत, आणि ते ठेवण्यासाठी गाडीलाच बांबूची नळी टांगलेली असे; गाडीवान कितीही निष्काळजी असला तरी वंगणाला त्याची ठरलेली जागा होती. यंत्रे आली, तेल वाढले, आणि जागा मात्र कोणी नेमून दिली नाही. खेड्यातून ‘जळकं ऑईल’ म्हणून ते तुळया-चौकटींना वाळवी लागू नये यासाठी फासतात. शहरात स्लॅब ओतण्यापूर्वी शटरिंगच्या पत्र्यांना लावतात. यामागची काटकसर मला समजते आणि तिचा मी उपमर्द करणार नाही. पण पत्र्यावरचे ते तेल पहिल्या पावसाने शेवटी त्याच नाल्यात येते, आणि चौकटीला फासलेले तेल मुलांच्या हाताला लागते. खरा मार्ग हा, की तेच तेल शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण करावे. ही विद्या अवगत आहे, तसे कारखाने देशात आहेत, आणि वापरलेले तेल हाताळावयास त्यांना परवाना लागतो.

कायद्यात दिरंगाई झालेली नाही. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा स्पष्ट समावेश आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर वंगण बनविणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर ते परत गोळा होऊन शुद्ध होण्याची जबाबदारीही टाकलेली आहे. मोठ्या कारखान्यांचे, सेवा-केंद्रांचे तेल पिंपे भरून जाते. प्रश्न आहे तो साडेसहाशे मिलिलिटरवाल्याचा. तो माणूस प्रामाणिकपणे बाटली भरून निघाला, तर ती कोठे द्यावयाची? गेल्या आठवड्यात मी चौकशी केली. तेल विकणाऱ्या दुकानात त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. कचरा नेणाऱ्या गाडीवर ओला आणि सुका एवढ्याच दोन खणांची तजवीज होती. ज्या काउंटरवर नवी बाटली विकली जाते, त्याच काउंटरवर जुने तेल परत घेण्याचा हुकूम निघाला आणि प्रत्येक प्रभागात झाकणाचे एक पिंप ठेवले गेले, तर नदीसाठी होणाऱ्या मोठमोठ्या सभांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, असे माझे निश्चित मत आहे, आणि तसा अर्ज मी महानगरपालिकेकडे दिला आहे.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत माझ्या पडवीत झाकणाचा एक कॅन ठेवला आहे. गल्लीतल्या कोणीही आपले जुने तेल बाटलीत भरून आणावे. कॅन भरला की उद्यमनगरातील ज्या कारखान्याचे पिंप परवानाधारकाकडे जाते, त्याच्या मालकांनी ते घेण्याचे कबूल केले आहे. पाणी, रॉकेल आणि ब्रेकचे तेल मात्र त्यात मिसळू नये, कारण भेसळीचे तेल शुद्ध करणारा घेत नाही. आणि बाटली आणताना तिचे बूच घट्ट लावलेले असावे.