‘कोलेस्टेरॉल-फ्री’ तेलाचा डबा आणि आपली फसगत

“डॉक्टरसाहेब, आमच्या घरी तर कोलेस्टेरॉल-फ्री तेल आहे जी!”

हे वाक्य मी महिन्यातून दोन-चार वेळा तरी ऐकतो. परवा ते ऐकवणाऱ्या ताईंचे यजमान शेजारीच बसले होते. वय ४६, संत्र्याचा बगिचा, तंबाखू नाही, दारू नाही. छातीत दुखायला लागल्यावर नरखेडहून काटोल ओलांडून नागपूर गाठेपर्यंत जवळपास दोन तास गेले होते. स्टेंट बसला, माणूस वाचला. आता ताईंना एकच प्रश्न पडला आहे: डब्यावर तर स्पष्ट लिहिलं होतं, मग हे झालं कसं?

लिहिलं होतं ते खोटं नाही, आणि माझा राग त्यावरच आहे. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरात तयार होणारा पदार्थ. शेंगदाणा, सोयाबीन, सरकी, पाम, कुठल्याच वनस्पती तेलात ते मोजण्याइतकं नसतं. उद्या तुम्ही संत्र्याच्या पेटीवर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ छापलंत, तर तेही तितकंच खरं ठरेल! पण वाचणारा त्याचा अर्थ घेतो, ‘हे तेल हृदयाला चांगलं, कितीही घाला.’ त्याने तसा अर्थ घ्यावा म्हणूनच ते छापलेलं असतं.

तुमच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल तुमचं यकृतच बनवतं. खाण्यातली संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही. ते साचतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं. म्हणून डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल ०’ सोडा आणि त्याखालची सॅच्युरेटेड फॅटची ओळ वाचा. सोयाबीन तेलात ती साधारण १५ टक्के असते, सरकीत २५ च्या आसपास, पामोलिनमध्ये ४० च्या पुढे आणि साजूक तुपात ६० च्याही वर. ‘रिफाइंड म्हणजे विष, तूप वाट्टेल तेवढं प्या’ हा मेसेज मलाही रोज येतो. भाकरीवर चमचाभर तूप घ्या, माझी हरकत नाही. वाटीभर घेणार असाल तर आधी रक्त तपासून या.

आणखी एक गंमत बघतो. अंड्याचा पिवळा बलक भीतीपोटी फेकून देणारे लोक चौकात उभं राहून दोन आलुबोंडे तर्रीसकट संपवतात. बलकातल्या कोलेस्टेरॉलचा बहुतेकांच्या रक्तावर थोडाच परिणाम होतो. आलुबोंड्याची कढई मात्र सकाळपासून तापत असते आणि तेल कमी झालं की त्यातच नवं ओतलं जातं. तळणाच्या तेलात खराब झालेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. चौकात तो मोजायला कोण येतं? तेल काळं पडलंय, चिकट झालंय, फेस येतोय, लवकर धूर सोडतंय, एवढं तुम्हाला दिसतं. दिसलं की पुढे चला. आणि घरच्या कढईत उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळायला घेता, तेव्हा तुम्हीही त्या टपरीवाल्याहून वेगळं काही करत नाही.

वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट याहून वाईट. ते एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल घटवतं. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही, हे चांगलंच झालं. पण चहासोबतची सुटी खारी कशात केली, हे कुठे वाचणार? तिला पुडाच नसतो.

आता सरकारचं बघा. २०२२ च्या दिवाळीत राज्याने १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला: रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. २०२५ च्या सुरुवातीला पंतप्रधानांनी आवाहन केलं, तेल १० टक्के कमी करा. आवाहन योग्यच आहे. पण संत्रा तोडाईला जाणाऱ्या मजुराच्या पिशवीत स्वस्त पाम घालायचं आणि हृदयाची काळजी त्याच्यावर सोडायची, हे मला पटत नाही. तो परवडतं ते खातो. त्याला दोष देऊ नका.

दोष द्यायचाच तर आम्हा डॉक्टरांनाही द्या. ‘तेलकट कमी खा’ असं मी वर्षानुवर्षं चिठ्ठीच्या तळाशी खरडत आलो. कमी म्हणजे किती, ते कधी सांगितलं नाही. आज सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या ताटाला दिवसाकाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. म्हणजे चार माणसांच्या घरात १५ किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. त्या ताईंचा डबा दोन महिन्यांत संपत होता. तेल कुठलं, हा वाद आपण नंतर घालू.

आणि जवस? आपल्या विदर्भाचं पीक. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर संशोधन चालतं, आणि आपण मात्र ओमेगा-३ च्या कॅप्सूल विकत आणतो! जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा याच वनस्पतीजन्य ओमेगा-३ चा असतो. जवस भाजून, कुटून चटणी करा. अख्खे दाणे तसेच पोटातून निघून जातात. चटणी थोडी थोडीच करा, कारण ती लवकर खवट होते. जवसाच्या तेलात तळण करू नका. आणि चटणी सुरू केली म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची नाही, हे त्या यजमानांनाही मला दोनदा सांगावं लागलं.

नवा डबा फोडाल तेव्हा पेनने त्यावर तारीख लिहा. पुढच्या वेळी बीपी तपासायला याल, तेव्हा तो किती दिवस पुरला ते मी विचारणार आहे.