स्नायू दुबळे, पण मज्जातंतूंचे काय?

हातापायांत जोर नसलेल्या बाळाच्या कागदावर ‘स्नायूंचा आजार’ असे लिहिले गेले की तपास तिथेच थांबू नये. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९५५ मध्ये मागचे पाय ओढत चालणारे उंदीर नोंदवले गेले. त्यांना मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे दोष स्नायूंतच, असे धरले गेले. १९७३ मध्ये ब्रॅडली आणि जेन्किसन यांनी त्यांचे मज्जातंतू पाहिले, तेव्हा मज्जारज्जूतून निघणाऱ्या मुळांत तंतूंचे जुडगे मायलिनच्या आवरणाविना उघडे आढळले. मूळ दोष मज्जातंतूंतच असावा, असा उलटा तर्कही मग झाला. उत्तर नव्वदच्या दशकात मिळाले. या उंदरांत लॅमिनिन अल्फा-२ हे प्रथिन कमी असते. ते स्नायुतंतूंभोवतीच्या अस्तरात असते, तसेच मायलिन गुंडाळणाऱ्या श्वान पेशींभोवतीही असते. वाढीच्या काळात या पेशी जुडग्यातून एकेक तंतू वेगळा करतात. अस्तर कच्चे असेल तर जुडगा सुटतच नाही. १९९८ च्या एका प्रयोगात हे प्रथिन फक्त स्नायूंत परत आणले. स्नायू सुधारले, पण मज्जातंतूंच्या दोषामुळे अनेक उंदीर लंगडेच राहिले.

उंदरावरून माणसाचे निदान कसे करायचे, हा आक्षेप रास्त आहे. माणसांत मज्जातंतूंची हानी सहसा सौम्य असते. पण हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोषाने होणाऱ्या जन्मजात आजारात मुलांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये श्वेतद्रव्यातील बदल दिसतात आणि काहींना झटकेही येतात. हा पुरावा थेट मुलांचाच आहे. पुरता बरा करणारा उपाय नसताना जनुक तपासणीचा खर्च कशाला, असेही विचारले जाईल. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पुढच्या बाळाचा निर्णय त्यांना अंधारात घ्यावा लागू नये. शिवाय श्वास, पाठीचा कणा आणि झटके यांवर नेमके लक्ष ठेवायलाही नेमके निदान लागते.

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-पेठच्या अंगणवाड्यांपर्यंत २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके जातात. हालचालींतील विलंब ओळखणे हे त्यांचेच काम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे. पण दिव्यांगत्वाचा दाखला म्हणजे निदान नव्हे. पथकाने शोधलेल्या मुलाची रक्तातील सीके (स्नायूंची हानी दाखवणारे विकर) तपासणी, मज्जातंतूंच्या वहनाची चाचणी आणि जनुक तपासणी ही साखळी जिल्ह्यातच बांधली पाहिजे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे. त्याने या कामात पुढाकार घ्यावा. मायलिन मुख्यतः वाढीच्या वयात बनते, म्हणून उशिराची किंमत त्या मुलालाच मोजावी लागते.