पारदर्शक वेष्टनाने माल हलका दिसतो काय?

माल चांगला असेल तर त्याला वेष्टनाची गरज काय, असे म्हणणारे व्यापारी आपल्यात आजही पुष्कळ आहेत. उलट, चकचकीत कागदात गुंडाळल्याशिवाय गिऱ्हाईक मालाकडे बघतच नाही, असे म्हणणारेही कमी नाहीत. पहिल्या गटाला भीती वाटते की पारदर्शक कागद चढवला की चांगला माल फेरीवाल्याच्या मालासारखा दिसू लागेल. दुसऱ्या गटाला वाटते की उघडा माल म्हणजे जुना, हाताळलेला, धूळ खाल्लेला माल. दोघांपैकी खरे कोण? आमच्या मते दोघेही प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारतात.

या प्रश्नावर जगात सर्वात जास्त काथ्याकूट झाला आहे तो सिगारच्या धंद्यात. तंबाखूचे तोटे सर्वांना ठाऊक आहेत आणि आपल्यातले कित्येक व्यापारी त्या मालाला हातही लावत नाहीत. तेव्हा येथे शिफारस सिगारची नाही. मात्र हाताने बनणारा, हवेने खराब होणारा आणि केवळ रूपावरून किंमत ठरणारा माल कसा विकावा, याचा त्या धंद्याने जो अनुभव घेतला तो अगरबत्तीवाल्यापासून विणकरापर्यंत सर्वांच्या उपयोगाचा आहे.

सिगारवाल्यांचा वाद

हाताने वळलेल्या सिगारचे तीन भाग असतात. आत तंबाखूचे भरण, त्यावर ते धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि सर्वांवर दिसायला सुंदर असे पातळ पान. हे वरचे पान सर्वात महाग आणि सर्वात नाजूक. हवा कोरडी झाली की ते तडकते, ओल जास्त झाली की बुरशी धरते. म्हणून सिगार साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते. दुकानात दहा गिऱ्हाइकांनी उचलून, नाकाशी धरून, बोटांनी दाबून परत ठेवली की कारागिराची सारी मेहनत वाया जाते. सेलोफेनची पातळ नळी चढवण्याचे पहिले कारण हे.

याविरुद्ध असलेल्यांचे म्हणणे असे, की क्यूबातील हातवळणीच्या नामांकित सिगार आज बहुधा सेलोफेनशिवाय, सीडर लाकडाच्या पेटीत एकमेकींना लागून ठेवलेल्या असतात. पेटीवर सरकारी हमीचा हिरवा-पांढरा शिक्का असतो. पेटी उघडताच सुवास येतो, पानाचा तेलकट तजेला डोळ्यांना दिसतो. उलट अमेरिकेत पेट्रोल पंपावर आणि औषधाच्या दुकानात मिळणारी यंत्रावर बनलेली स्वस्त सिगार अनेकदा सेलोफेनमध्ये असते. मग गिऱ्हाइकाच्या मनात हिशेब पक्का बसतो, की उघडी ती उंची आणि गुंडाळलेली ती हलकी.

हा हिशेब सोपा आहे, पण खरा नाही. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातील अनेक सिगारवाले देश सोडून गेले. डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि निकाराग्वा या देशांत त्यांनी नव्याने धंदा उभा केला. १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली आणि अमेरिकेची मोठी बाजारपेठ या देशांकडे आली. तेथून येणाऱ्या अत्यंत महागड्या, हाताने वळलेल्या सिगारही सेलोफेनमध्ये विकल्या जातात. कारण अमेरिकन दुकानात गिऱ्हाईक पेटीऐवजी एकेक नग उचलतो, आणि सुटा नग धक्के, बोटे आणि खिसा यांतून सहीसलामत जावा लागतो.

आणखी एक गोष्ट पाहा. सेलोफेनमधून पाण्याची वाफ थोडी थोडी आतबाहेर जाते. त्यामुळे योग्य आर्द्रतेच्या पेटीत ठेवलेली सिगार वेष्टनातही मुरत राहते. वर्षे गेली की तंबाखूच्या तेलाने ते सेलोफेन पिवळसर-तपकिरी होते. जाणकार गिऱ्हाईक तो पिवळेपणा पाहून माल मुरलेला आहे असे ओळखतो आणि त्याचे जास्त पैसे मोजतो. म्हणजे जे वेष्टन एकाला हलके वाटते तेच दुसऱ्याला मालाच्या वयाचा दाखला वाटते.

एके काळी हेच वेष्टन श्रीमंती होते

सेलोफेनचा इतिहास पाहिला तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. जॅक ब्रँडनबर्गर हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, फ्रान्समध्ये कापडधंद्यात काम करणारा रसायनतज्ज्ञ. डाग न पडणारे कापड बनवावे म्हणून त्याने कापडावर व्हिस्कोसचा थर देऊन पाहिला. कापड ताठ झाले, प्रयोग फसला, पण तो थर पारदर्शक पापुद्र्यासारखा सुटून आला. त्या पापुद्र्यावर त्याने अनेक वर्षे मेहनत घेतली आणि तो सलग बनवण्याचे यंत्र तयार केले. सेल्युलोज म्हणजे लाकडाच्या लगद्यातील मूळ द्रव्य आणि ‘डायाफान’ म्हणजे फ्रेंच भाषेत पारदर्शक, या दोन शब्दांवरून सेलोफेन हे नाव पडले.

सुरुवातीला हा कागद फार महाग होता. १९१२ मध्ये अमेरिकेतील व्हिटमन या चॉकलेटवाल्यांनी आपल्या भेटीच्या डब्यासाठी तो फ्रान्सहून मागवला. १९२४ मध्ये ड्यू पाँ कंपनीने तो अमेरिकेत बनवण्यास सुरुवात केली. १९२७ मध्ये त्या कंपनीच्या विल्यम चार्च या संशोधकाने त्यावर ओल रोखणारा लेप शोधून काढला आणि मग खाण्याच्या व तंबाखूच्या मालासाठी तो सर्रास वापरला जाऊ लागला. १९३४ मध्ये अमेरिकेत कोल पोर्टर यांचे ‘यू आर द टॉप’ हे गाणे गाजले. जगातील उत्तमोत्तम गोष्टींची त्यात यादी आहे आणि त्या यादीत चक्क सेलोफेनही आहे!

पुढे सेलोफेन स्वस्त झाले आणि जे सर्वांना मिळते त्याची ऐट राहत नाही. त्यानंतर खनिज तेलापासून बनणारी प्लास्टिक फिल्म आली. ती आणखी स्वस्त पडली आणि बिस्किटांपासून कपड्यांपर्यंत सगळ्यावर चढली. कागदाचा मान गेला तो असा. तेव्हा कोणत्याही वेष्टनाला स्वतःचा असा मान नसतो. ते कोणत्या मालावर चढते आणि कोणत्या दुकानात दिसते, यावर त्याची पत ठरते.

हातावर केलेला आरोप

आपल्या कारागीर बांधवांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट याच इतिहासात आहे. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत यंत्रावर बनणाऱ्या क्रेमो नावाच्या पाच सेंटच्या सिगारची मोठी जाहिरात चालली. तिचा रोख असा होता, की हाताने सिगार वळणारा कारागीर टोक चिकटवताना थुंकी लावतो आणि आमची सिगार मात्र यंत्रावरची, स्वच्छ आहे. हजारो हातकारागिरांच्या इभ्रतीवर एका जाहिरातीने शिंतोडे उडवले. टोक चिकटवण्यासाठी वनस्पतीजन्य खळ वापरणाऱ्या कारागिरालाही त्याचा फटका बसला. कारण गिऱ्हाईक कारखान्यात येऊन पाहत नाही. त्याच्या मनात शंका आली की ती कायमची.

यातून घ्यायचा धडा उघड आहे. हातकामाच्या मालाची सर्वात कमजोर बाजू त्याच्या रूपात वा दर्जात क्वचितच असते. तो स्वच्छ असेल काय, ही गिऱ्हाइकाच्या मनातली शंकाच खरी कमजोर बाजू असते. मोठा कारखानदार नेहमी त्याच जागी घाव घालतो. बिडी, पापड, शेवया, अगरबत्ती, पाव, मिठाई अशा ज्या धंद्यांत आपल्या मायबहिणींचे आणि कारागिरांचे हात राबतात, त्या सर्वांवर हा आरोप कधी ना कधी होतो. अशा वेळी नीट घातलेले स्वच्छ वेष्टन हे कारागिराच्या अब्रूचे रक्षण करते. नंतरच्या काळात हातवळणीच्या सिगारवाल्यांनी तेच वेष्टन आपल्या उत्तम मालावर चढवले, यातच सर्व आले.

आपल्या मालाचे काय?

आता हा न्याय आपल्या दुकानाला लावून पाहू. वेष्टन घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. गिऱ्हाईक हा माल हात लावून घेतो काय? हवेने, ओलीने किंवा धुळीने माल खराब होतो काय? आणि वेष्टन घातल्यावर मालाचा खरा गुण दिसतो की झाकला जातो?

खजूर घ्या. साखरेने चिकट झालेल्या उघड्या खजुरावर माशी आणि धूळ बसणारच. तेथे पारदर्शक वेष्टन हवेच, आणि दाणा स्पष्ट दिसत असल्याने उत्तम खजुराची किंमत त्याने वाढते. अगरबत्तीचा सुवास उडून जाऊ नये म्हणून आतले बंद वेष्टन लागतेच. अत्तराचा कारभार वेगळा. तेथे गिऱ्हाइकाला मनगटावर थेंब हवा असतो. बंद डबी कितीही देखणी असली तरी नमुन्याची एक कुपी उघडी ठेवल्याशिवाय विक्री होत नाही.

हिमरूचे तर याहून उलट आहे. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचा मऊपणा बोटांनाच कळतो. हिमरूची शाल चकचकीत फिल्ममध्ये घडी घालून ठेवली, की ती आणि यंत्रमागावरची नक्कल गिऱ्हाइकाला सारखीच दिसते. शिवाय हवा न जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये पावसाळ्यातली ओल अडकली की रेशमावर डाग पडतात. ज्या औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरू विणला जातो, त्याच शहरालगत वाळूजच्या कारखान्यांत प्लास्टिक फिल्मही बनते. परंतु शेजारी मिळते म्हणून ती शालीवर चढवावी असे नाही. शालीला मलमलचा तुकडा आणि विणकराच्या नावाची चिठ्ठी जास्त शोभते.

एक इशाराही द्यायला हवा. वर मोठा दाणा आणि खाली बारीक, समोर चांगला काठ आणि आतल्या घडीत दोष, अशी बांधणी करणारे दुकानदार आपल्यात नाहीत असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले ठेवणाऱ्याला दिलेली ताकीद आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. असे वेष्टन एकदा उघडे पडले की गिऱ्हाईक जाते आणि बरकतही जाते.

नाव सेलोफेनचे, माल प्लास्टिकचा

बाजारात कोणी पन्नी म्हणतो, कोणी जिलेटिन पेपर, कोणी सेलोफेन. प्रत्यक्षात या नावाखाली हाती पडते ती बहुतेक वेळा प्लास्टिक फिल्म. ओळखण्याची साधी खूण म्हणजे छोटा तुकडा जाळून पाहावा. साधे, लेप नसलेले सेलोफेन कागदासारखे जळते, कागदासारखाच वास येतो आणि राख राहते. प्लास्टिक वितळून आकसते आणि त्याचा कडक गोळा होतो. साधे सेलोफेन मातीत कुजते, प्लास्टिक कुजत नाही.

हा फरक आता केवळ माहितीचा राहिलेला नाही. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ जुलै २०२२ पासून मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांच्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या प्लास्टिक फिल्मवर देशभर बंदी आहे. आपल्यातले मिठाईवाले आणि लग्नपत्रिका छापणारे यांना हा नियम थेट लागू होतो. ‘सेलोफेनच आहे’ या घाऊक व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर विसंबून राहू नये. पावतीवर मालाचे नाव लिहून घ्यावे, आणि कुजणारे प्लास्टिक म्हणून विकत असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागावे. दंड भरायची वेळ आली तर घाऊक व्यापारी आपल्या मदतीला येत नाही.

दुसरा नियम वजनमापाचा. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचा वा नगांचा माल बांधून ठेवला, की त्यावर बनवणाऱ्याचे किंवा बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे नाव, वजन वा नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. बरेच छोटे दुकानदार याला कटकट समजतात. आमच्या मते ही संधी आहे. चांगल्या मालावर स्वतःचे नाव घालायला लाज कसली? सिगारच्या कमरेला असलेल्या कागदी पट्टीने जे काम केले तेच काम आपली चिठ्ठी करील.

तेव्हा वेष्टनाने माल हलका दिसतो काय, याचे उत्तर असे. ढगळ, सुरकुतलेले, टाचणी मारलेले आणि निनावी वेष्टन असेल तर उत्तम मालही हलका दिसतो. मापात बसणारे, स्वच्छ, कायद्यात बसणारे आणि कारागिराचे नाव मिरवणारे वेष्टन असेल तर साधा मालही भारदस्त दिसतो. व्यापारी बांधवांनी पुढची खरेदी करताना शेजाऱ्याने कोणता कागद घेतला हे पाहू नये. आपला माल हातात घ्यावा, वरचे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत आणि मगच कागदवाल्याकडे जावे.