कोशाला भाव, रानाला राखणदार

मादागास्करच्या मधल्या पठारावर टापिया नावाचं बुटकं, जाड सालीचं झाड वाढतं. ‘बोरोसेरा’ या तिथल्याच मूळच्या मोठ्या पतंगांच्या अळ्या त्याच्या पानांवर पोसतात. या रानरेशमाच्या किड्याला मलागासी लोक ‘लांडिबे’ म्हणतात. त्याच्या कोशावर अळीचे टोचरे केस रुतलेले असतात, उघड्या हाताने धरला की खाज सुटते. तुतीच्या कोशासारखा याचा सलग धागा उलगडत नाही. म्हणून आतला किडा काढून घेतात आणि तो खातातही. रिकामे कोश साबणाच्या पाण्यात उकळून हाताने सूत काततात. या जाडसर रेशमाचं वस्त्र म्हणजे ‘लाम्बा मेना’, पूर्वजांचं कफन. ‘फामादिहाना’ विधीत पितरांचे अवशेष थडग्यातून काढून नव्या वस्त्रात गुंडाळतात, तेव्हा ते लागतं.

असा पतंग वाचवायचा तर रानाला कुंपण घालून माणसाला बाहेर काढावं, असं कुणालाही वाटेल. मला हा उपाय घातक वाटतो. टापियाचं रान म्हणजे मूळच्या घनदाट जंगलाचे उरलेले अवशेष, असं बराच काळ मानलं गेलं. भूगोलतज्ज्ञ ख्रिश्चन कुल यांनी 2002 साली या समजाला आव्हान दिलं. वणव्याने इतर झाडोरा मागे हटतो, टापिया मात्र जाड सालीमुळे तगतो. गावकरी त्याची गळलेली फळं वेचून विकतात, कोश गोळा करतात आणि म्हणून त्यावर सहसा कुऱ्हाड चालवत नाहीत. हे रान माणसाच्या वापरातून घडलं आणि टिकलं. तो वापर थांबला, तर त्या जागी पाइन किंवा निलगिरी लावणं गावाला जास्त परवडेल.

यावर आक्षेप असा की वेचलेला प्रत्येक कोश म्हणजे अंडी न घालताच मेलेला एक पतंग, आणि भाव वाढला तर ओरबाडणंही वाढेल. आक्षेप खरा आहे. कोशांची बेसुमार वेचणी आणि अवेळी लागणारी आग यांनी लांडिबेचं नुकसान केलंच आहे. पण रान कुणाचंच नसेल, तिथे आज सोडलेला कोश उद्या दुसरा नेतो, मग तो सोडायचा कशाला? म्हणून भावासोबत हक्क हवा. मादागास्करच्या 1996 च्या कायद्याने स्थानिक संसाधनांचा कारभार कराराने गावांकडे सोपवण्याची वाट उघडली. बियाण्यापुरते कोश झाडावर राखण्याचा नियम अशा गावालाच पाळता आणि पाळायला लावता येईल. शिवाय कच्चा कोश विकण्याऐवजी कताई आणि विणकाम गावातच झालं, तर थोड्या कोशांतून जास्त पैसा हाती येतो आणि वेचणीची घाई कमी होते.

आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीचे ढिवर ऐनाच्या झाडांवर टसरचा कोसा पिकवतात. ऐनाच्या पाल्यावर ज्याची चूल पेटते, त्याला ते झाड तोडू नको असं वेगळं सांगावं लागत नाही. टापियाचा हिशेबही याच जातीचा आहे. हक्काविना भाव म्हणजे लूट आणि भावाविना हक्क म्हणजे नुसता कागद. लांडिबेला दोन्ही एकाच वेळी मिळायला हवेत.